तिसरी तार

हिमानी : परत भलतंच वाजतंय. ज्ञानेश, आता तूच सांग, काय करू मी? सकाळी फोनमधे बघून गिटारच्या सगळ्या तारा सुरात लावल्या. जरा ताईच्या बांगड्या भरायला गेले, येऊन बघते तर हे असं. बोटं बरोबर, सूर दुसराच.

ज्ञानेश : दे इकडं. स्वस्तातली म्हणून लगेच नावं ठेवू नको तिला. तारा दांडीपासून फार उंच होत्या, त्या मी कंपनीतल्या ॲलन-कीनं दांडीतला स्क्रू पिळून खाली घेतल्या. नव्या तारा ओढून ताणून दिल्या. आता सूर टिकायला पाहिजे.

हिमानी : टिकत नाय ना पण. रोज हेच. संध्याकाळी ताईची हळद, बँजो पार्टीत पप्पांच्या जागी मी उभी राहणार. अख्खं चिंचणी गाव मंडपात बसलेलं असेल, आणि हे डबडं ऐन वेळेला रुसणार.

ज्ञानेश : थांब. मधल्या तारा चढल्यात.

हिमानी : मग?

ज्ञानेश : अगं, तार आपली आपण उतरते. चढत नाही. कुणीतरी खुंट्या पिळल्यात.

हिमानी : कोण पिळणार? आई पाहुण्यांच्या चहात अडकलीय. ताईला गिटार कुठून धरतात तेपण ठाऊक नाय.

ज्ञानेश : आणि ही तिसरी तार मी घातलेली नाही. गिटारच्या तारेला खाली पितळी गोळी असते, ती अडकून बसते. हिला नुसता पीळ मारून मणी ओवलाय. बँजोची तार आहे ही.

हिमानी : घरात बँजो एकच हाय, पप्पांचा. बोटं बधिर झाली तेव्हापासून तो पेटीत पडलाय. आणि पप्पा तर माझ्याशी बोलतपण नाय. त्यांचा बँजो शिकायचा सोडून मी ही आणली ना.

ज्ञानेश : ऐक. बोट न दाबता मोकळ्या तारा छेडतो. सा, प, सा, प... बँजोसारखीच लावलीय.

हिमानी : माझी फजिती व्हावी म्हणून? मला काय समजतच नाय.

ज्ञानेश : मला विचारू नको. ते काय, आलेच तुझे पप्पा.

(भगवंत दारात थांबतात.)

हिमानी : पप्पा, माझ्या गिटारला तुमी हात लावला?

भगवंत : लावला.

हिमानी : का पण?

भगवंत : बेसूर होती. रोज आयकतो मी. मोकळी छेडली का रडल्यासारखी वाजायची. मला वाटलं तुला लावायला जमत नाय. म्हणून लावून ठेवत होतो, तर काल मधली तुटली.

हिमानी : पण गिटार तशीच लावतात, पप्पा.

भगवंत : तशीच?

हिमानी : तशीच. मी रोज नीट लावत होते, आणि तुमी रोज...

भगवंत : मला काय म्हायती, बाय.

ज्ञानेश : एक मिनिट, काका. हिमानी, फोन ठेव बाजूला. एकच बोट सगळ्या तारांवर आडवं टाक आणि सरकव. हळदीची चाल घे.

हिमानी : असं? ...येतेय की रे.

भगवंत : वर जा. अजून. आता उतर. हां.

हिमानी : पप्पा, पण तुमच्या बँजोची तार काढलीत. हात बरा झाल्यावर तुमी काय वाजवणार?

भगवंत : हात काय आता बरा व्हायचा नाय, हिमू. तार तरी हळदीला जाऊ दे.