शुक्राची कोर

आदरणीय अध्यक्ष शिवपुत्र अण्णा, व्यासपीठावरच्या मुख्याध्यापिका राजनंदिनीबाई, सोलापूरच्या या शाळेतले माझे सहकारी, पालक आणि बाळांनो,

शाल घातलीत, श्रीफळ दिलंत. 'जोतीराम सरांनी बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं,' असं बाई आत्ताच म्हणाल्या. आनंद व्हायला पाहिजे. पण खरं सांगू? महिनाभर आत काही हलतच नाही. अंग बधिर झाल्यासारखं झालंय. अध्यक्षांनी दोन मिनिटं द्यावीत, कारण सांगतो.

नोकरीच्या सुरुवातीला मी संस्थेच्या मंगळवेढ्याकडच्या शाळेत होतो. नववीत मायाक्का नावाची मेंढपाळाची मुलगी होती. मी शिकवलं, पृथ्वीची सावली पडते म्हणून चंद्राच्या कला दिसतात. ती उठली. "गुर्जी, सकाळी मेंढरं सोडताना अर्धा चंद्र आन् सूर्य दोनी वर असत्यात की. मग आपली सावली तितं कशी पडंल?"

"लई शहाणी झालीस, बस खाली," मी म्हणालो. वर्ग हसला. परीक्षेत तिनं तेच लिहिलं, पाच गुणांच्या त्या उत्तराला मी शून्य दिलं. विज्ञानात ती तीन गुणांनी नापास झाली आणि बापानं शाळा सोडवली.

पुस्तकात बरोबर छापलं होतं हो! पण वाचतंय कोण? मास्तराला सगळं येतंच की.

गेल्या महिन्यात याच शाळेच्या गच्चीवर दुर्बिणीतून शुक्र बघितला. त्याची चक्क कोर दिसली. आपली सावली शुक्रापर्यंत कशी पोचेल? तेव्हा कुठं पुस्तक उघडलं. सूर्य अर्धा चंद्र कायमच उजळतो. उजळलेली बाजू आपल्याला जेवढी दिसते, तेवढी कला. शुक्राचंही तसंच. सावली पडते ती चंद्रग्रहणात.

मायाक्काला शोधत गेलो. ती मेंढरांना पाणी पाजत होती. चूक कबूल केली. ती म्हणाली, "मला तवाच ठाव हुतं, गुर्जी. वाटलं, तुमालाबी ठाव आसंल. पोरांम्होरं 'चुकलो' कसं म्हणायचं, म्हणून गप बसला आसाल." मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. एसटीत बसून परत आलो.

असो. एवढा मान दिलात, मी आपला ऋणी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. शिकवण्यातलं मात्र घालू नका. रेश्माताई, उद्यापासून नववीचं विज्ञान तुमच्याकडं. पहिल्याच तासाला पोरांना सांगा, जोतीराम सरांचं चुकलं होतं, मायाक्काचं बरोबर होतं.