दुसरा हंगाम कुणाचा

अध्यक्ष : पहिल्या हंगामाचं मला सांगू नकोस, तो मी बघितलाय. शेवटून दुसरे होतो आपण, लीगमधून बाहेर पडता पडता वाचलो. मला दुसऱ्या हंगामाचं सांग. तोच प्रशिक्षक, तीच पोरं, तेच मैदान. मग एकदम जिंकायला कसे लागलो?

सहायक : सराव वाढवला, बाई.

अध्यक्ष : सराव वाढला असता तर माळ्याने माझ्याकडे तक्रार केली असती. तो म्हणतो, यंदा गवत उलट बरं राहिलंय.

सहायक : मग नशीब म्हणा.

अध्यक्ष : नशिबाला करार देता येत नाही. संध्याकाळी समितीची बैठक आहे. सरांना ठेवायचं की निरोप द्यायचा, एवढाच विषय. आमचे हे गेले म्हणून मी क्लबची अध्यक्ष झाले, फुटबॉल मला बेताचाच कळतो. पण माणसं कळतात. तुम्ही दोघं काहीतरी लपवताय. नाहीतर ह्या जर्सी वाळवायच्या खोलीत मी कशाला आले असते?

सहायक : असं कोण म्हणालं?

अध्यक्ष : खजिनदार म्हणतात, सर पितात.

सहायक : सर? थेंबसुद्धा नाही. मी त्यांच्या शेजारी राहतो, मला माहीत नाही का.

अध्यक्ष : बरं, पीत नसतील. मग मागे त्या पाहुण्या संघाच्या अध्यक्षांना भेटायचं सोडून त्यांच्या ड्रायव्हरचा हात धरून कौतुक कसलं करत बसले होते? मी समोर उभी होते, मला ओळखसुद्धा दाखवली नाही. आपल्याच राखीव खेळाडूला, कोण रे तू, बाजूला हो, म्हणून ओरडले, ते सगळ्यांनी ऐकलं. आणि मला खटकतं ते वेगळंच. हे असं वागणं सुरू झालं आणि त्याच सुमाराला आपण जिंकायला लागलो.

सहायक : योगायोग असेल.

अध्यक्ष : आणि तू? पहिल्या हंगामात बाकाच्या पार टोकाला बसायचास, तोंडात मूग धरून; सर तुला भिंत म्हणतात ते उगाच नाही. आता सामना सुरू झाला की तू त्यांच्या कानाशी, आणि तुझं तोंड काही थांबत नाही. खजिनदारांचा दुसरा तर्क ऐकायचाय? ते म्हणतात, संघ तूच चालवतोस, सर नुसते उभे असतात.

सहायक : साफ खोटं आहे.

अध्यक्ष : खरं असलं तरी लाजायचं कारण नाही. तसं असेल तर आज समितीपुढे तुझं नाव ठेवते. मुख्य प्रशिक्षक म्हणून. काय म्हणतोस?

सहायक : हे मला कशाच्या बदल्यात मिळतंय, ते बघतोय.

अध्यक्ष : खरं सांगण्याच्या.

सहायक : म्हणजे मी तोंड उघडायचं, सरांनी घरी जायचं आणि मी त्यांच्या जागी बसायचं. असं खरं माझ्या तोंडून निघालं तर कोण मानेल, बाई? तुम्ही तरी मानाल का?

अध्यक्ष : नाही मानणार.

सहायक : मग मला विचारू नका. त्यांनाच विचारा.

अध्यक्ष : त्यांना विचारून बघितलंय. उलट माझ्याच गुडघ्यांची चौकशी करून गेले. थांब. बाहेर त्यांचाच आवाज वाटतो.

(दार उघडतं. अध्यक्ष खिडकीपाशी आहेत, उन्हाला पाठ करून. त्या सहायकाकडे बघून तोंडावर बोट ठेवतात.)

प्रशिक्षक : आहेस का रे, भिंत?

सहायक : आहे, सर. पण आत्ता नको. आपण बाहेर जाऊन बोलू.

प्रशिक्षक : बाहेर पोरं आहेत. इथेच बरं. बाईंनी गाठलं का तुला?

सहायक : गाठलं.

प्रशिक्षक : काय देऊ केलं?

सहायक : तुमची जागा.

प्रशिक्षक : घे.

सहायक : सर, पुरे आता.

प्रशिक्षक : घे म्हणतो ना. काल डॉक्टरकडे जाऊन आलो. तो तेच म्हणाला, डोळ्यांचे पडदे खराब होत चाललेत आणि ऑपरेशनने काही होणार नाही. हातभर अंतरावरचं दिसतं, पुढे सगळं धुकं. पलीकडचा गोल तर मला ह्या हंगामात एकदाही धड दिसला नाही. असं कुठवर रेटायचं? पण जायच्या आधी मला तुझ्याकडून एक कळायला हवं. बाहेरगावच्या त्या सामन्यात तू म्हणालास, आपला डावीकडचा बचावपटू लंगडतोय. म्हणून मी त्याला बाहेर घेतला.

सहायक : हो.

प्रशिक्षक : लंगडत होता?

सहायक : ते कशाला आता, सर?

प्रशिक्षक : तो माझ्या अंगावरून पाणी प्यायला गेला. बुटांचा आवाज ऐकला मी. चांगला ताडताड चालत होता.

सहायक : लंगडत नव्हता. त्यांचा तो बुटका त्याला सारखा चकवून जात होता. तसं सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, राहू दे, चुकत चुकत शिकेल. तुमचा लाडका आहे तो.

प्रशिक्षक : म्हणून माझ्याशी खोटं बोललास.

सहायक : तेवढं एकदाच.

प्रशिक्षक : ते मला कसं कळणार? तू सांगशील ते मैदान आणि तू सांगशील तो खेळ. घरी जाऊन प्रत्येक सामना मनात पुन्हा लावतो मी. आणि दर वेळी शंका येते, हे खरंच घडलं होतं की ह्याने मला नुसतंच सांगितलं?

सहायक : इतका संशय होता, तर तेव्हाच विचारायचं होतं.

प्रशिक्षक : तेव्हाच आला होता. तुझा आवाज वेगळा लागला.

सहायक : मग त्याला बाहेर का घेतलंत?

प्रशिक्षक : तू कधी खोटं बोलणारा नव्हेस. मला वाटलं, हा त्यासाठी खोटं बोलतोय, म्हणजे त्या पोराला काढणं खरंच गरजेचं असणार.

सहायक : आणि जिंकलो आपण.

प्रशिक्षक : जिंकलो, पण तो निर्णय कुणाचा धरायचा? पहिल्या हंगामात मला सगळं लख्ख दिसत होतं. तुला बाकाच्या टोकाला बसवला, कुणाचं म्हणून ऐकलं नाही, आणि मार खाल्ला. दिसेनासं झालं तेव्हा झक मारत विचारायला लागलो. तुला, गोलकीपरला, अगदी राखीव पोरांनासुद्धा. तुम्हाला काय दिसतं, तुम्हाला काय वाटतं. पोरांना वाटलं, सर बदलले.

अध्यक्ष : मलाही वाटलं होतं.

प्रशिक्षक : कोण आहे?

अध्यक्ष : मी, सर. खिडकीपाशी.

प्रशिक्षक : कधीपासून?

अध्यक्ष : तुमच्या आधीपासून.

प्रशिक्षक : आणि तू मला बोलू दिलंस, भिंत.

सहायक : मी सांगितलं असतं तर जागेसाठी सांगितलं असं झालं असतं, सर. एकदा तुमच्याच तोंडून निघावं, असं वाटलं.

अध्यक्ष : त्याला मीच गप्प बसवलं. खरं सांगू का, मला वाटत होतं तुम्ही दोघं मिळून सामने विकत घेताय.

प्रशिक्षक : आमच्या लीगमधला सामना विकत कोण घेणार, बाई? बघायला फुकट बोलावलं तरी लोक येत नाहीत.

अध्यक्ष : तेही खरंच.

प्रशिक्षक : झालं तर मग. तुम्हाला हवं ते मिळालं. समितीला सांगा, पहिला हंगाम माझा आणि दुसरा ह्याचा. म्हणजे हिशेब सरळ झाला.

सहायक : दुसरा माझा नाही. बाई, हे असंच बोलतात. मी नुसतं दिसेल ते सांगत होतो. एकदा म्हणालो, त्यांचे दोघं पुढे गेले की परत यायला वेळ लावतात. एवढंच. ह्यांनी लगेच आपल्या मधल्याला त्या मोकळ्या जागेत पाठवला आणि सामना फिरला. मी ते जन्मात केलं नसतं. मला दिसत होतं, पण त्याचं काय करायचं ते ठाऊक नव्हतं. तुमची ती जागा मला नको.

अध्यक्ष : दोघं जरा माझं ऐकाल? मी समितीला जे ऐकलं ते जसंच्या तसं सांगणार आहे. आणि दोघांची नावं बरोबरीने ठेवणार आहे, एका हंगामासाठी. पण पोरांना हे डोळ्यांचं तुम्ही स्वतः सांगायचं, सर. आत्ताच, मी बैठकीला जायच्या आधी. आणि तू, ह्यांना मनाचं काही म्हणजे काही सांगायचं नाही. पटत नसेल तर भांड, पण जे आहे तेच सांग.

सहायक : नाही सांगणार.

प्रशिक्षक : दयेपोटी ठेवत असाल तर नको, बाई.

अध्यक्ष : दया गेल्या वर्षी दाखवली, शेवटून दुसरे होतो तेव्हा. आता आपण वरून चौथे आहोत.

प्रशिक्षक : समिती ऐकेल?

अध्यक्ष : खजिनदार तर ऐकणारच नाहीत. बाकीच्यांचं सांगता येत नाही. पण निदान कशावर हात वर करायचा, ते तरी त्यांना कळेल.

प्रशिक्षक : पोरं आत्ता कुठे आहेत?

सहायक : जाळी काढतायत. बोलावू?

प्रशिक्षक : नको, मीच जातो त्यांच्याकडे. बाई, एक विचारू? शेवटच्या सामन्याला तुम्ही होतात ना?

अध्यक्ष : होते की.

प्रशिक्षक : तो शेवटचा गोल. हा सांगतो, कॉर्नरवरून आला आणि डोक्याने मारला. पण हे सगळं ह्याच्याच तोंडून ऐकलेलं. मला दुसऱ्या कुणाकडून तरी ऐकायचंय.

अध्यक्ष : मला तुमच्या भाषेत नाही सांगता येणार.

प्रशिक्षक : दिसलं तसं सांगा.

अध्यक्ष : कोपऱ्यातून चेंडू आला, चांगला उंच. मला वाटलं, गेला बाहेर. मग आपला तो लंबूटांग पोरगा कुठून तरी मध्ये उगवला आणि त्याने डोकं लावलं. त्यांचा गोलकीपर आपला जागच्या जागी बसला. मी उठून उभी राहिले. मला वाटलं, आता पोरं एकमेकांच्या अंगावर उड्या मारणार. पण नाही. सगळी आधी वळून तुमच्याकडे बघायला लागली.

प्रशिक्षक : माझ्याकडे?

अध्यक्ष : हात वर करून. आणि तुम्ही भलतीकडेच तोंड करून उभे. तेव्हा राग आला होता मला तुमचा. म्हटलं, किती हा माज.

प्रशिक्षक : हे तू सांगितलं नव्हतंस.

सहायक : नाही, सर. सांगवलं नाही.

प्रशिक्षक : किती वेळ बघत होती?

अध्यक्ष : तुम्ही वळेपर्यंत.