या वेळी दिसलं तर

एमआरआयच्या खोलीबाहेर माझ्या शेजारी एक आई आणि तिची लग्न झालेली मुलगी बसल्या होत्या.

"इंजेक्शन कशाला गं? मागच्या वेळी नुसतंच मशीनमध्ये घातलं होतं."

"हार्मोनचं आहे, आई. त्यानं स्वादुपिंडातून रस सुटतो, नळी फुगते, मग फोटोत नीट दिसते. मागच्या वेळी काहीच दिसलं नव्हतं."

"नव्हतं दिसलं तेच बरं होतं."

"बरं कसलं? मी पोट धरून लोळते आणि हे म्हणतात, नाटकं करतेस. आजही काही दिसलं नाही तर?"

"आणि दिसलं तर? तुझे बाबा स्वादुपिंडाच्याच गाठीनं गेले ना."

"म्हणून तर तुला आणणार नव्हते."

"हात बघ, किती गार पडलाय तुझा."

"तो तुझा आहे, आई."

तेवढ्यात मुलीला आत बोलावलं. ती बाहेर आली तेव्हा आई आधीच उभी होती.

"गाठ आहे का?"

"गाठ नाही. नळी एका जागी अरुंद झालीय. दुर्बिणीनं मोकळी करून बघू म्हणाले डॉक्टर."

"मग रडतेस कशाला?"

"खरंच दुखत होतं गं मला."

"फोन दे इकडे. जावईबापूंना मी सांगते."