टॉर्कल मॅकास्किल आणि मुलगी

ऊना : ...आणि छापायच्या आधी मला एकदा विचारावं, असं नाही वाटलं तुम्हाला, बाबा?

टॉर्कल : विचारायचं काय त्यात? एफीच्या खाणावळीच्या मेनूत प्रत्येक पदार्थाखाली माल देणाऱ्याचं नाव असतंच. खेकडे गिलिसचे, चीज डोनाल्डिनाचं. आपल्या कोकराच्या मटणाखाली नुसतं ‘टॉर्कल मॅकास्किल’ होतं. आता ‘आणि मुलगी’ आलं. बरं दिसतं.

ऊना : शिंप्याच्या दुकानाची पाटी दिसते.

एफी : आलं बाई सूप. जपून, वाडगे तापलेत. ऊना, रोज वाढतेस, पण आज तू गिऱ्हाईक. ताटं उचलायला उठलीस तर बघ. आणि अभिनंदन हं. गिलिस म्हणाला, बेटावर एक तरी पोर टिकलं. खिडकीपाशी त्या पाहुण्या बाई आहेत ना, त्यांनीही विचारलं, मुलगी कोणती म्हणून. मी बोट दाखवलं.

ऊना : मावशी, तूसुद्धा? तुला तर माहीत होतं की...

एफी : मी पाव घेऊन येते.

टॉर्कल : काय माहीत होतं तिला?

ऊना : काही नाही. सूप मस्त झालंय.

टॉर्कल : चमचा कोरडा आहे तुझा.

ऊना : बरं. मी बोलते, तुम्ही मधे बोलू नका. मला ग्लासगोला प्रवेश मिळालाय. जहाजबांधणी, चार वर्षं. पत्र मी इथे मागवलं होतं, मावशीच्या पत्त्यावर. उद्या दुपारपर्यंत हो की नाही कळवायचंय. घरी सांगणारच होते, पण घरी तुम्ही एक तर मेंढ्यांत असता नाहीतर खुर्चीत घोरत असता. मग आज म्हणालात, जेवायला जाऊ. म्हटलं, चला, तिथे सांगू. आणि येऊन बघते तर मी मटणाखाली छापून आलेय.

टॉर्कल : हसत बोल.

ऊना : काय?

टॉर्कल : गिलिस बघतोय. आठ टेबलांची खोली आहे. हसत बोल.

ऊना : हे बघा, हसतेय. अक्कलदाढसुद्धा दिसत असेल त्याला. मला जायचंय, बाबा.

टॉर्कल : सूप घे.

एफी : हा पाव. आणि टॉर्कल, त्या बाईंना मटण फार आवडलं. तुम्हा दोघांचा फोटो हवाय. मी नको म्हणणार होते, पण त्या उठल्याच.

(बाई दोन फोटो काढतात. बापलेक हसून दाखवतात. एफी बाईंना घेऊन परत खिडकीकडे जाते.)

टॉर्कल : एप्रिलमधे मेंढ्या व्यायला येतील. तेव्हा कोण?

ऊना : मी येईन ना. दर एप्रिलला, पहिल्या बोटीने.

टॉर्कल : एप्रिलच्या शेवटी तुमची परीक्षा असते.

ऊना : ती मी कशीतरी... थांबा. हे तुम्हाला कोणी सांगितलं?

टॉर्कल : फोन केला होता तिथे. मंगळवारी. तुझ्याबद्दल काही बोलेनात. परीक्षा कधी, तेवढं सांगितलं.

ऊना : पण तुम्हाला कळलंच कसं?

टॉर्कल : पोस्टमन लॅकीने पाकीट आधी आपल्या घरी आणलं. वर विद्यापीठाचा शिक्का. नाव तुझं, पत्ता एफीचा. त्याला वाटलं, लिहिणाऱ्याची चूक झाली. मी म्हटलं, जिथलं आहे तिथे दे.

ऊना : मंगळवारी माहीत होतं. आणि हा मेनू कधी छापला?

टॉर्कल : गुरुवारी.

ऊना : म्हणजे माहीत असून.

टॉर्कल : हो.

ऊना : का, बाबा?

टॉर्कल : वाटलं, नाव छापलेलं दिसलं, चारचौघांनी पाठ थोपटली, की तुला जायचं म्हणणं जड जाईल.

ऊना : जातंय की. झालं समाधान?

टॉर्कल : नाही.

ऊना : मी बाहेर जाते जरा.

टॉर्कल : बाहेर जाऊन काय?

ऊना : उद्यापर्यंत थांबतच नाही. आत्ता कळवून टाकते, येते म्हणून.

टॉर्कल : कळव.

ऊना : खरंच?

टॉर्कल : कळव. जा. शीक. फक्त आत्ता उठू नकोस, पोरी. मटण येईपर्यंत बस. नाहीतर मेनूत ‘आणि मुलगी’, आणि सगळ्यांना मी एकटा बसलेला दिसेन.