पांढऱ्या लुगड्यावरचा तांबेरा

माहं नाव पारबता. माहेर ढाणकीकडचं आन सासर दिग्रसपासून दोन कोसावर, गावाचं नाव लिहा का नका लिहू, मले कोनाचं भेव नाई. लगन झालं तेव्हा मी एवढीशी होती, लगन काई आठवत नाई, पन सासरा आठवते. सासरा गावकीचं काम करे. मेलेलं ढोर वढनं, सांगावा पोचवनं, सारंच. त्याच्यात एकच काम त्याले आवडे. थंडी सरत आली का पटवारी रब्बीचं पीक पाहाले ये, गहू कसा, हरबरा कसा, जवस कसं, आन सासरा त्याच्यापुढं चाले, अनवानी, वाहना हातात धरून. कोनाचं वावर कुठं सरते आन कोनाचं कुठं लागते, सारं त्याले तोंडपाठ. भरलं पीक म्हनजे सोळा आने, बाकी सारं त्याच्या खाली. पटवारी इचारे, किती रे, सासरा म्हने मालक दहा, आन खळ्यावर दहाच निंघे. आने लय कमी लागले तर गावाले सरकारी सारा माफ होये, म्हून त्याच्यात खोटं बोलाचं नाई, असं तो म्हने.

मी त्याच्या मांगं मांगं फिरून शिकली. हरबऱ्याचा घाटा दाबून पाहाचा, गव्हाचं पान उलटं करून पाहाचं. धुऱ्यावरून, बांधावर उभं राहून, पाह्यलं ते पाह्यलंच नाई, हे त्याचंच बोलनं.

मंग छप्पन साल आलं. आमी नागपूरले गेलतो, अर्धी वाट पायी, अर्धी मोटारीनं, तिथी धम्म घेतला. घरच्यायनं मले पांढरं लुगडं घेतलतं, ते नेसून मी उभी होती, आन काय सांगू तुमाले, नजर जाईन तिथवर लोक, आन सारे पांढरे. मले रडू आलं, खोटं कायले सांगू. घरी आल्यावर गावकीचं काम सोडलं. नाई म्हनजे नाई. सासराच पह्यले म्हनला, म्हातारपनी वाहना पायात घालून गावातून गेला आन त्याच सालात मेला. गावातल्या बाया मले म्हनत, नवरा जिता हाय आन पांढरं काहून नेसतं वं पारबते. मी म्हनलं, माह्या नवऱ्यानंच आनलं, तुमच्यायनं काय आनलं ते इचारा घरी जाऊन. मंग कोनी इचारलं नाई.

पन पाटील डोक्यात धरून बसला. सासऱ्याले गावकीपायी चार एकर भेटलतं, नाल्याकाठचं. पाटील म्हने काम सोडलं तर वावरई सोडा. आमी सोडलं नाई, गहू पेरला. तीन-चार सालानं एकदा पुसाच्या महिन्यात आठ दिस आभाय राह्यलं, थंडी पळाली. मी गव्हाचं पान उलटं केलं तर बोटाले लाल भुकटी. तांबेरा. चार दिसात सारा गहू पिवया पडला, दुरून पाह्यलं तर वाटे पिकून राह्यला, आन ओंबी चुरली तर दाना वाळल्या जिऱ्यावानी. घरचा मानूस धुऱ्यावर खालीच बसला. सारा भराले घरात काई नाई, नाई भरला तर वावर जप्त, आन ते घ्याले पाटील टपलेला.

आन पटवाऱ्यापुढं चालाले आता कोन होतं? आमी तर सोडलेलं. मंग तो पाटलाच्या आंब्याखाली बसला, तिथूनच पिवयं शिवार पाह्यलं आन लिहलं बारा आने. पाटलाचाई खालच्या वावरातला गहू तांबेऱ्यानं गेलता, त्याले मालूम होतं. पन तो सारा भरून मोकळा झाला असता, आमी नाई. स्वतःचं गेलं तरी चालन, पन या लोकायचं वावर जाऊ दे, असं मन त्याचं.

तहसीलीतून सायेब तपासाले आला त्या दिवशी मी पांढरं लुगडं नेसली. घरचे म्हने, वावरात हे कायले, पुनवेच्या वंदनेले ठेव. मी म्हनलं राहू द्या, आज त्याचंच काम हाय. आंब्याखाली सारे बसलेले. मी म्हनलं सायेब, खाली उतरा, गहू पिकला नाई, मेला हाय. पाटील म्हने, तुमी काम सोडलं न, मंग तुले कोनं बलावलं? मी म्हनलं, काम सोडलं पाटील, डोये नाई सोडले.

आन शिरली गव्हात. या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत गेली, परत आली. कमरेखाली लुगडं लालेलाल, गेरूत बुडवल्यावानी. सायेब उठला, ते पाह्यलं, मंग सोता वावरात उतरला, पान बोटानं पुसलं, ओंबी चुरून फुकली, तयहातावर काई राह्यलंच नाई. पटवाऱ्याले इचारलं, तुमी उतरलते का आत? पटवाऱ्यानं वही उघडली. बाराचे चार झाले. सारा साऱ्या गावाचा माफ झाला, पाटलाचाई.

लुगडं नाल्यात धुतलं, निंघालं सारं.

आता पटवारी दुसरा हाय. माघ लागला का दारात येऊन म्हनते, पारबताबाई, चालता का. मी कोनाची नोकर नाई, मनात आलं तर जातो. पुढं चालतो, वाहना पायात घालून, आन पाटलाच्या घरापुढूनच जातो, दुसरी वाट जवय असली तरी. यंदा त्याचा गहू चांगला दिसून राह्यला. दिसो, त्याच्याई घरी लेकरं हायेत. पन धुऱ्यावरून नाई सांगनार मी. तेच लुगडं नेसून त्याच्या वावरात मधातून जाईन, आन पांढरंच बाहीर निंघालं तर चौदा आने म्हनीन. पाटील हाय म्हून बारा नाई, आन पंधराई नाई.