नशिबाला नव्वद

परवाची गंमत सांगते. स्कूटीच्या लायसनच्या टेस्टला मी एकदा नापास झाले होते. सोमवारी पुन्हा बीडला जायचं होतं आणि जायचं नाही, असं मी मनात ठरवूनही टाकलं होतं. तेवढ्यात आमची सई आणि माझे दीर मोबाईलवर क्रिकेट खेळायला बसले.

त्या गेममध्ये खेळाडू आपणच बनवायचे आणि प्रत्येकाला बॅटिंग, बॉलिंग, नशीब मिळून शंभर गुण वाटायचे. सईनं अख्खं घर टीममध्ये घेतलेलं. आजीला बॅटिंग सत्तर. मला बॅटिंग पाच, बॉलिंग पाच आणि नशीब नव्वद.

"कावून गं, मलाच असं का?" मी विचारलं.

"तू चेंडू आला की डोळे मिटतीस. तुला दुसरं काय देऊ?"



शेवटच्या बॉलला चार रन हवे होते. उरलो होतो आजी आणि मी.

"आजीला पाठव," मी म्हणाले.

"आजी एकेकच रन काढती."

"वैनीला पाठवती व्हय? जितलोच मग," दीर हसले.

"सई, माझ्यामुळं हरशील गं."

"आई, बाहेर बसलेल्याचं नशीब गेम मोजतच न्हाई," म्हणत तिनं मला उतरवलं.

बॅटची नुसती कड लागली. स्लिपवाल्याच्या हातातून कॅच सुटला आणि चेंडू सीमेपार गेला.

"ह्याला काय खेळणं म्हणत्यात?" दीर करवादले.

मी म्हणाले, "भाऊजी, सोमवारी सकाळी तुमची स्कूटी लागेल मला."

"न्या वैनी. आज तुमच्या नादी कोण लागतंय."