शालनकाकूंची दहाची मोटर

बोटींच्या जुन्या मोटरी दुरुस्त करायचा माझा नाद तुम्हाला माहितीये ना? परवा आमच्या मुलुंडच्या सोसायटीतल्या शालनकाकूंनी वडिलांच्या होडीची मोटर आणून दिली. "दहा हॉर्सपॉवरची आहे. पूर्वीसारखी दिसायला हवी हं."

झाकणावर ठळक दहाचा स्टिकर होता, पण नखाला त्याची कड लागत होती. कंपनीचा मूळ स्टिकर वार्निशच्या खाली असतो, त्याची कड लागत नाही. मी तो दहा हळूच सोलला. खाली फिकट सोनेरी चार!

सांगायचं कसं, यार? शेवटी बोलावलंच. "काकू, मोटर चारचीच आहे. दहा कोणीतरी नंतर चिकटवलाय."

काकू त्या चारवर बोट फिरवत राहिल्या.

"मनोरीच्या खाडीतून परतताना मी होडीत झोपायचे रे," त्या म्हणाल्या. "ओहोटीच्या उलटसुद्धा होडी सुळकन जायची. झोपेत मोटरच्या आवाजाखाली अजून एक आवाज यायचा, छप... छप. विचारलं की बाबा म्हणायचे, दहाची मोटर असाच आवाज करते बाय."

मग डोळे मिटून हसल्या.

"वल्हं मारत होते रे ते."